हालचालीची मात्रा : व्यायाममंदिरापासून भौतिकोपचारापर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ शाळेने हे व्याख्यान ठेविले आहे, ते गुरुजी येथे व्यायामशिक्षक होते. त्यांचा माझा प्रत्यक्ष परिचय होण्याचा योग आला नाही. परंतु त्यांचे अनेक विद्यार्थी आज पालक म्हणून समोर बसले आहेत, आणि त्यांच्या बोलण्यातून गुरुजींची जी ओळख मला झाली, तिला साजेल असा विषय निवडावा असे मला वाटले. मी मराठीचा अध्यापक. वैद्यकाशी माझा संबंध केवळ रुग्ण म्हणून. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार मी घेत नाही. मात्र हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या दुखण्यावर हालचालीच्याच साहाय्याने उपाय करणारी जी विद्या आज भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी या नावाने ओळखली जाते, तिच्या आपल्याकडील इतिहासात मराठी माणसांचा, विशेषतः गुजरातेत राहिलेल्या मराठी माणसांचा, लक्षणीय वाटा आहे. तो इतिहास भेस्तानसारख्या ठिकाणी सांगितला जावा याला आणखी एक कारण आहे. ते ओघाने येईलच.

भाषेच्या अभ्यासकाने आरंभ शब्दांपासून करावा हे उचित. या दुखण्यांसाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. पाठीत उसण भरते, कंबर धरते, मान अवघडते, पाय मुरगळतो, मनगट लचकते, खांदा निखळतो, गुडघे आखडतात, पोटरीत पेटका येतो, टाच ठणकते. यांतील एकाच्या जागी दुसरा शब्द घालून चालत नाही, कारण प्रत्येकाचे दुखणे निराळे आहे. श्रम करणाऱ्या समाजाने आपल्या शरीराचे केलेले हे सूक्ष्म निरीक्षण होय. पण याच समाजाच्या वाक्प्रचारांकडे वळले म्हणजे दुसरी बाजू दिसते. हाडाची काडे करणे, रक्ताचे पाणी करणे, अंग मोडून काम करणे, हे सारे आपण गौरवाने बोलतो. शरीर झिजविणे हा गुण मानला गेला. आणि बरे होण्यासाठी आपण कोणता शब्द वापरतो? ‘आराम पडला का?’ असे विचारतो. हा फारसीतून आलेला शब्द विश्रांती आणि बरे वाटणे या दोन्ही अर्थांनी आपल्याकडे रुळला. अंग झिजेपर्यंत राबावे आणि मग पडून राहावे, या दोन टोकांच्या मध्ये काही असू शकते हे आपल्या वाक्प्रचारांना फारसे सुचलेले दिसत नाही. आजच्या विषयाचे मर्म मात्र त्या मधल्या जागेत आहे. त्यासाठी मी ‘मात्रा’ हा शब्द योजतो. वैद्याची मात्रा आपल्या परिचयाची आहे. हालचालीलाही तशीच मात्रा असते.

ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचा आणि निखळलेल्या सांध्यांचा स्वतंत्र विचार आहे. निखळलेल्या सांध्याचे सहा प्रकार आणि अस्थिभंगाचे बारा प्रकार तेथे सांगितले आहेत. मोडलेला अवयव स्थिर राहावा म्हणून रुग्णाला फळीवर निजविण्याची युक्तीही दिली आहे. परंतु मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो हाताच्या तळव्याच्या दुखापतीनंतरचा एक छोटा उपाय. हाड जुळल्यावर रुग्णाने आधी मातीचा गोळा मुठीत धरावा, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असे सुश्रुत सांगतो. आज रुग्णालयात मऊ चेंडू देऊन पुढे हळूहळू कठीण वस्तू देतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. व्यायामही आपल्या बळाच्या अर्ध्यानेच करावा असे तो सांगतो. हालचाल हे औषध आहे आणि औषध मोजून द्यावयाचे असते, ही दोन्ही सूत्रे येथे आहेत.

ग्रंथातील ही विद्या पुढे वैद्यांपेक्षा आखाड्यांनी अधिक सांभाळली, आणि त्यात आश्चर्य नाही. जेथे रोज माणसे एकमेकांना आपटतात तेथे निखळलेला खांदा बसविणारा कोणीतरी असावाच लागतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी मल्लखांबाला नवे रूप देणाऱ्या बाळंभटदादा देवधरांपासून पुढे वस्तादांची जी परंपरा महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर पसरली, तिच्यात शिष्याचे शरीर घडविणे आणि दुखावलेले शरीर सावरणे ही कामे एकाच हाताची होती. जोर किती, बैठका किती, दुखापतीनंतर कोणत्या दिवसापासून पुन्हा मातीत उतरावयाचे, हे वस्ताद ठरवी. मात्रा त्याच्या हातात होती, आणि त्याने ती आपल्या वस्तादाकडून घेतलेली असे.

या परंपरेचे मोठे केंद्र आपल्यापासून फार लांब नाही. सुरतेहून रेल्वेने दोन-तीन तासांत बडोदे येते. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीत जुम्मादादांचे व्यायाममंदिर होते, आणि जुम्मादादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी ते पुढे नावारूपाला आणिले. ‘प्रोफेसर’ माणिकराव याच नावाने ते सर्वत्र ओळखले जात. सामुदायिक कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत देण्याचा परिपाठ घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांची दुसरी ख्याती हाडवैद्य म्हणून होती. हाड बसविणे, सांधा जागेवर आणणे, मालीश करणे यांसाठी लोक त्यांच्याकडे येत. व्यायामशाळा आणि उपचारशाळा या एकाच छपराखाली नांदत होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु हातातील विद्येचे एक दुर्दैव असते. हात थांबला की ती थांबते. शिष्याने अर्धी उचलली तर अर्धीच उरते. आणि चुकीची उचलली, तर ती चूक आहे हे सांगणारे कोणी नसते. जाणत्या हाडवैद्याच्या मागे अजाण हाडवैद्यांची रांग उभी राहिली ती यामुळेच. मोडलेल्या हातावर बांबूच्या काठ्या करकचून बांधल्याने रक्तप्रवाह बंद पडून हात गमवावा लागल्याची उदाहरणे अस्थिरोगतज्ज्ञांनी वारंवार नोंदविली आहेत. पडल्याने मुलाचे कोपर सुजले असता त्यावर जोराने मालीश केली, तर स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो. समोर बसलेल्या माता-भगिनींनी आजच्या व्याख्यानातून हे एवढे घरी नेले तरी पुष्कळ झाले : मुलाच्या सुजलेल्या कोपराला चोळावयाचे नाही, ते हलू न देता रुग्णालयात न्यावयाचे. उसण भरलेल्या पाठीला पायाळू माणसाने पाय लाविला की ती उतरते, हा समज निरुपद्रवी आहे, कारण उसण बहुधा आपोआपच उतरते. कोपराच्या मालिशीला मात्र निरुपद्रवी म्हणता येत नाही.

ही विद्या हातातून कागदावर यावी, ही जाणीव बडोद्यातच प्रकट झाली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. १९३६ ते १९४९ या काळात ते प्रसिद्ध झाले. पुढे १९५० मध्ये त्यांचा भारतीय शरीरसंवर्धनाचा इंग्रजी कोशही बडोद्याहूनच निघाला. दहा खंड म्हणजे काय काम आहे याची कल्पना ज्यांनी कधी एक प्रबंध लिहिला असेल त्यांनाच यावी. जे ज्ञान वस्तादाच्या मर्जीवर मिळे, ते ज्याला मराठी वाचता येते अशा कोणालाही मिळू शकेल, असा त्या उद्योगाचा अर्थ होता. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीसाठी केलेल्या कामांत या कोशाची गणना व्हावी तितकी होत नाही.

कागदावर आणणे ही एक पायरी; पडताळून पाहणे ही पुढची. ती चढणाराही माणिकरावांचाच शिष्य होता. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत डभोई येथे झाला. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण घेतले. नंतर ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक झाले. येथील अनेक कुटुंबांची मुळे अमळनेर, पारोळा, धरणगाव या भागांत असल्याने हे नाव ऐकताच काही चेहरे उजळलेले मला दिसत आहेत. हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्धीस आले. नर्मदेकाठी मालसर येथे माधवदासजींकडे त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. परंतु जे गुरूंनी सांगितले ते शरीरात खरोखर कसे घडते, हे पाहण्याची त्यांना ओढ होती. १९२३-२४ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचे क्ष-किरण परीक्षण केले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन झाले, आणि त्याच वर्षी तेथून ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिक निघू लागले. परंपरेवरील श्रद्धा आणि यंत्राची साक्ष यांत त्यांना विरोध दिसला नाही. मला त्यांचे मोठेपण यातच वाटते.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू, कारण आजचा भौतिकोपचार आपल्या आखाड्यांतून सरळ उगवलेला नाही. स्वीडनमध्ये पेअर हेनरिक लिंग या तलवारबाजीच्या शिक्षकाने १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामाची राजमान्य संस्था काढली, आणि तिच्यात उपचारासाठी करावयाच्या व्यायामाला स्वतंत्र स्थान दिले. माणिकरावांप्रमाणेच लिंगही मुळात शस्त्रविद्येचा आणि व्यायामाचा माणूस होता. हे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीशकर्त्यांची संस्था स्थापन केली. मालीश हा प्रतिष्ठित आणि परीक्षा देऊन करावयाचा व्यवसाय व्हावा, हा तिचा हेतू. मग पहिले महायुद्ध आले. हजारो तरुण लुळेपांगळे होऊन परतले, आणि त्यांना पुन्हा चालते करण्याच्या कामातून हा व्यवसाय युरोप-अमेरिकेत दृढ झाला. त्यात भर पडली पोलिओची. पोलिओने निर्बळ झालेले अवयव महिनोन् महिने फळ्यांत जखडून ठेवावेत असा तेव्हाचा वैद्यकीय प्रघात होता. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेने त्याविरुद्ध ऊन ओल्या घड्यांचा शेक आणि हलक्या हालचाली यांचा आग्रह धरला. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली, आणि तिच्या पद्धतीने तेथील रुग्णालयांची रीत पुष्कळ बदलली.

आपल्याकडेही या विद्येला संस्थेचे रूप मिळण्यास पोलिओच कारण झाला. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची देशातील पहिली शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजीअलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. भारतीय भौतिकोपचारकांची संघटनाही त्याच वर्षीची. ज्या रोगाने या शाळेची गरज निर्माण केली, त्या पोलिओपासून भारत मुक्त झाल्याचे २७ मार्च २०१४ रोजी जाहीर झाले. रोग गेला, परंतु त्याच्यासाठी उभी राहिलेली शाळा राहिली आणि पाठ, गुडघे, खांदे यांच्या लक्षावधी दुखण्यांना उपयोगी पडली.

के.ई.एम.च्याच आवारात १९५० मध्ये आणखी एक शाळा सुरू झाली होती : व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची. आशियातील ती पहिली मानली जाते. तिच्या संस्थापक कमलाबाई निंबकर. मूळच्या अमेरिकन, माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. व्यवसायोपचार म्हणजे रोजच्या कामांतूनच अवयवांना पुन्हा शक्ती आणि कौशल्य मिळवून देणे : आंघोळ, जेवण, लेखन, सुतारकाम, विणकाम. फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी सुरू केलेल्या मराठी शाळेला कमलाबाईंचेच नाव आहे. उपचाराची शाळा काढणाऱ्या बाईंचे नाव मुलांच्या शाळेला मिळावे, हा सुंदर योग होय.

व्यवसायोपचाराच्या जुन्या विभागांत एक ठरलेले साधन असे, आणि भेस्तानच्या श्रोत्यांना ते ऐकून नवल वाटेल. ते साधन म्हणजे हातमाग. आखडलेला खांदा, दुबळे झालेले मनगट, गुडघा, घोटा यांना चालना देण्यासाठी रुग्णाला मागावर बसवीत. कोणत्या सांध्याला किती काम मिळावे, हे पाहून मागाची रचना बदलीत. दहा मिनिटे, मग पंधरा, मग वीस अशी वेळ वाढवीत. माग हे तेथे औषध होते.

येथे मी त्या राहिलेल्या कारणाशी येतो. आपण ज्या गावात बसलो आहोत तेथेही माग आहे. उधना आणि सचिन या स्थानकांमधले भेस्तान, शेजारची पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत, सभोवतीची यंत्रमागांची खाती. या साऱ्याच्या भरवशावर येथील घरे चालतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती खोऱ्यातून रेल्वे झाली आणि सुरत खानदेशाशी जोडली गेली. त्या मार्गाने नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे पिढ्यानुपिढ्या येथे आली. निवृत्तीनंतर मीही मुलाकडे म्हणून भेस्तानला आलो तो त्याच मार्गाने. सकाळी सात वाजता एक पाळी सुटते आणि दुसरी आत जाते, तेव्हा मी फिरावयास निघालेला असतो. बारा तास उभे राहून, एका मागावरून दुसऱ्याकडे चालत, तुटलेला धागा जोडण्यासाठी शेकडो वेळा वाकून बाहेर पडणारी ही माणसे कशी चालतात, हे पाहावयास वैद्य असण्याची गरज नाही. पहिली पन्नास पावले त्यांची कंबर सरळ होत नाही. मागावर भरलेला बीम चढविणारे, कापड-बाजारात पाठीवर पार्सले वाहणारे, हिऱ्याच्या घंटीवर मान वाकवून बसणारे, आणि घरी जमिनीवर मांडी घालून साड्यांना खडे चिकटविणाऱ्या आणि धागे कापणाऱ्या आपल्या भगिनी. प्रत्येकाचे दुखणे वेगळे, परंतु कारण एकच आहे. रुग्णालयातला माग आणि खात्यातला माग यांत फरक यंत्राचा आहे हे खरेच. पण मोठा फरक मात्रेचा आहे. तेथे ती रुग्णाचा सांधा पाहून ठरत असे. येथे ती पाळी ठरविते.

विणकराच्या शरीराची ही कथा आजची नाही. बर्नार्दिनो रामात्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत विणकरांवर आणि लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरणे घातली. विणताना हात, पाय, पाठ सारेच कसे राबते, हे त्याने लिहिले. लेखनिकांच्या दुखण्याची कारणे म्हणून एकसारखे बसणे, हात सतत एकाच दिशेने चालविणे आणि मनावरचा ताण ही तीन त्याने सांगितली. तीनशे वर्षांनंतरही या यादीत फारसा बदल करावा लागलेला नाही. रुग्णाला ‘तू काय काम करतोस?’ हे विचारावे, असा त्याचा वैद्यांना उपदेश होता. पाठीसाठी गोळी लिहून देताना हा प्रश्न आजही कितीदा विचारला जातो, हे आपण आपल्याच अनुभवावरून ठरवावे.

कायद्याने हा प्रश्न अगदीच सोडून दिला होता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या कामाला दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. इजा होईल इतके ओझे कोणाकडूनही उचलवून घेऊ नये असेही त्यात लिहिले. १९८७ च्या दुरुस्तीनंतर गोंगाटाने येणारा बहिरेपणा त्या कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आला. पाठदुखीला मात्र तेथे जागा मिळाली नाही. ज्याची नोंद करावयाची नसते त्याची मोजणी होत नाही, आणि ज्याची मोजणी होत नाही त्याचा बंदोबस्तही होत नाही. पाठदुखी हे प्रत्येकाचे खाजगी दुःख होऊन बसते.

वस्तुतः ते खाजगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे एकशे एकाहत्तर कोटी माणसांना हाडे, सांधे व स्नायूंचे काही ना काही विकार आहेत. २०२० मध्ये एकट्या कंबरदुखीचे रुग्ण एकसष्ट कोटी नव्वद लाख होते. माणसांना कामावाचून आणि उत्साहावाचून बसविणारे हे जगातील पहिल्या क्रमांकाचे दुखणे आहे. त्यावरच्या उपचारात गेल्या चाळीस वर्षांत जे परिवर्तन झाले, त्याचा संबंध आपल्या ‘आराम’ या शब्दाशी आहे. कंबर धरली की आठवडे दोन आठवडे अंथरुणाला खिळून राहावे, असे पूर्वी सर्वत्र सांगत. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले की, सात दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा दोनच दिवस पडून राहिलेले रुग्ण कशातही मागे नव्हते, आणि कामावर मात्र लवकर परतले. १९९५ मध्ये फिनलंडमधील अभ्यासात तर झेपेल तेवढा नित्यक्रम चालू ठेवणारेच सर्वांत आधी बरे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात रुग्णाला दुखण्याची नीट समज देणे, व्यायाम, मालिशीसारखे काही उपचार आणि मनाला आधार यांची शिफारस आहे. कमरेचे पट्टे, ताण देण्याची वजने आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारात नकोत असे म्हटले आहे.

या विद्येचा मला स्वतःला आलेला अनुभव थोडक्यात सांगतो. साठी ओलांडल्यावर माझा उजवा खांदा आखडला. मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणे अधिक होते, आणि मधुमेह माझा जुना सोबती. चाळीस वर्षे फळ्यावर लिहिणारा हात कानापर्यंत जाईना. एका तरुण भौतिकोपचारक मुलीने मला भिंतीसमोर उभे केले आणि बोटांनी भिंत चढावयास सांगितले. जेथे बोटे थांबतील तेथे खडूची खूण करावयाची. दुसऱ्या दिवशी खूण गाठावयाची, जमल्यास बोटभर पुढे जावयाचे. ‘सर, आज अजून थोडे चढले असते, तरी थांबा,’ असे ती अनेकदा म्हणे. मला थांबविण्यात तिचे कौशल्य होते, हे मला काही आठवड्यांनी उमगले. खुणांची ती शिडी वर जावयास आठ महिने लागले. सुश्रुताचा मातीचा गोळा आणि माझी खडूची खूण यांत मला फार अंतर वाटले नाही. अंतर एवढेच की, त्या मुलीला हे एखाद्या वस्तादाच्या कृपेने लाभले नव्हते. ती महाविद्यालयात शिकली होती, परीक्षा देऊन आली होती. २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि भौतिकोपचारकांना त्यात स्थान दिले.

म्हणून या इतिहासाचे सार मी असे मांडतो. ही विद्या वस्तादाच्या हातातून ग्रंथात आली, ग्रंथातून प्रयोगात आणि रुग्णालयातून महाविद्यालयात आली. प्रत्येक टप्प्यावर ती अधिक माणसांची झाली. परंतु आखाड्यातला मल्ल, युद्धातला सैनिक, पोलिओचे मूल, क्रिकेटचा खेळाडू यांच्यापर्यंत ती जितकी पोहोचली, तितकी मागापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचली नाही. सुरतेत आज भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत, सरकारी रुग्णालयात विभाग आहे. पण बारा तासांची पाळी करणाऱ्याने तेथे कोणत्या वेळी जावे? एक दिवसाची मजुरी बुडवून, आठवड्यातून तीन वेळा? त्याला भिंत चढावयास सांगणे सोपे आहे. आठ महिने देणे त्याच्या हाती नाही. दुखणे झाल्यावरचा व्यायाम हा अर्धाच उपाय होय. उरलेला अर्धा कामाच्या रचनेत आहे : मध्ये बसावयास एखादे बाकडे, दर दोन तासांनी दहा मिनिटांची सुटी, ओझे उचलण्यास हातगाडी, पाळीच्या तासांना मर्यादा. हे खातेदारांनी आणि शासनाने करावयाचे आहे, आणि ते व्हावे म्हणून तुम्हां-आम्हांला बोलत राहावे लागेल.

तोवर शाळेने काय करावे? गुरुजींच्या स्मृतीला धरून मी तीन सूचना करतो. एक, व्यायामाचा तास हा परीक्षेच्या तयारीसाठी देऊन टाकावयाचा तास नव्हे. ओझे अंगाजवळ धरून, गुडघे वाकवून कसे उचलावे, मान आणि कंबर कशी मोकळी करावी, हे तेथे मुलांना शिकवावे, म्हणजे ते मुलांमार्फत घरोघर जाईल. दोन, साड्यांचे काम करणाऱ्या मातांसाठी वर्षातून दोन वेळा भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांना शाळेत बोलवावे. काम जमिनीवर न ठेवता पाटावर किंवा चौरंगावर उंच घेतले आणि दर अर्ध्या तासाने उठून दोन पावले टाकली, तरी मानेचे दुखणे पुष्कळ कमी होते. परंतु हे कोणीतरी करून दाखवावे लागते. तीन, केव्हा थांबू नये हेही सर्वांना माहीत असावे. पायात मुंग्या येऊन बळ जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, पडल्यानंतर पाठ दुखू लागली असेल, तर मालीश, व्यायाम, शेक यांपैकी काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या मागावर जातील, काही माग विकत घेतील, आणि एखादी मुलगी भौतिकोपचाराच्या महाविद्यालयातही जाईल. जो माग विकत घेईल त्याने खात्यात चार बाकडी ठेवावीत. जी महाविद्यालयात जाईल तिने शिकून झाल्यावर आठवड्यातून एक सायंकाळ, पाळी बदलण्याच्या वेळी, भेस्तानच्या या रस्त्यावर बसावे. तसे झाले तर बडोद्याच्या व्यायाममंदिरात सुरू झालेले काम या गावापर्यंत येऊन पोहोचले, असे म्हणता येईल.